तारवेलची शंखवाट

पाहुण्यांनो, चपला इथेच काढून हातात घ्या. पुढे लागणार नाहीत. ही वाट अनवाणी चालायचीच आहे, आणि पायाखाली बघायचीही गरज नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि गप्पा मारत चालायचं, एवढंच. मागच्या वर्षी एक आजीबाई गुडघ्यांना पट्टे बांधून आल्या होत्या. जेट्टीवर म्हणाल्या, मला काही जमायचं नाही. खालच्या पाड्यात पोचल्या तेव्हा त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या.

मी शेवंती मेहेर. बेटाच्या उत्तर टोकाच्या वरच्या पाड्याची लेक आणि दक्षिणेच्या खालच्या पाड्याची सून. त्यामुळे दोन्हीकडची गोष्ट मला ठाऊक आहे, आणि दोन्हीकडचे लोक मला खोटं सांगू देत नाहीत.

उत्तरेकडचं हे आमचं तारवेल बेट तसं सगळं खडकाचं. डावीकडे ती ढासळलेली दगडी भिंत दिसते ना, ती जुनी गोदी. शिडाची गलबतं तिथे ओढून घेत आणि पावसाळाभर त्यांची डागडुजी चाले. तो भोकाचा उभा दगड गलबतं बांधायचा. दोराच्या घासणीने त्याला किती खोल खाच पडलीय, बोट घालून बघा. आणि पाण्याकडे पाहिलंत तर काळी रेघ दिसेल, लाट फुटते तिथे. ते खडप, पाण्यातला खडक. बेटाच्या पश्चिम अंगाने ते लांबच लांब गेलंय, आणि मधोमध पोट सुटल्यासारखं समुद्रात पुढे आलंय. त्याच्या पाठीवर कालवं वाढतात, वस्तऱ्यासारखी. किनाऱ्यावरचा खडकही तसाच आहे. जरा वाट सोडून पाय टाका, लगेच कळेल.

मग अशा बेटावर ही एवढी सरळ, मऊ वाट आली कुठून? शंखशिंपल्यांचा चुरा घातलेली, कुठे खाचखळगा नाही, कुठे चढ नाही. सरकारने केलेली नाही. कुणा राजानेही केलेली नाही. आमच्यात ती अशी सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा वरच्या पाड्यात जैतू तांडेल राहायचा. गलबताचा कप्तान तो तांडेल. त्याचा आवाज, म्हणे, एवढा मोठा होता की डोलकाठीवर चढलेल्या माणसाला तो वादळात हुकूम द्यायचा आणि बाजूच्या गलबतातली माणसंही तो पाळायची. माणूस तापट, पण त्याच्या हाताखाली शिकलेला खलाशी कुठल्याही बंदरात मानाने उभा राहायचा. त्याला एकच लेक, पोवळी. तिला त्याने खालच्या पाड्यातल्या लखमाला दिली. लखमाही त्याच्याच हाताखाली सुकाणू धरायला शिकलेला.

लग्नाला वर्ष झालं नसेल, तेवढ्यात एका भरतीला सागाचा भलामोठा सोट वाहत आला आणि दोन पाड्यांच्या बरोबर मधे किनाऱ्याला लागला. कुठल्या तरी फुटलेल्या जहाजाची डोलकाठी असावी. वरचे म्हणाले, आम्ही आधी पाहिला. खालचे म्हणाले, लागला तो आमच्या वाळूला. खालच्या पाड्याचा पाटील कान्हू, तोही जैतूसारखाच. आवाज चढले, वल्ही उगारली गेली, कुणाचं तरी डोकं फुटलं. शेवटी सोट कुणीच नेला नाही. तिथेच पडून कुजला.

पण जैतू त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि ओंजळीत पाणी घेऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "खालच्या पाड्याच्या वाळूला यापुढे माझा पाय लागला, तर दर्या, माझा आवाज तू घे."

ओंजळ त्याने समुद्रात सोडली. कोळ्याच्या शपथेत याच्यावर शपथ नाही.

दोन पाड्यांमधली ये-जा त्या दिवसापासून थांबली. जी काय पायवाट होती तिच्यावर केवड्याचं रान माजलं. पोवळीला मुलगी झाली. ती चालू लागली, बोलू लागली. सकाळी दारात उभं राहिलं की पोवळीला बापाच्या चुलीचा धूर दिसायचा, पण बापाने नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. लोक सांगतात, ती कधी रडली नाही की कुणाला बोलली नाही. फक्त धूर दिसला की लेकीला कडेवर घेऊन दाखवायची आणि म्हणायची, "तो बघ, तुझा आजा भाकऱ्या भाजतोय." जैतूची बायको कधीच वारली होती. त्याचं तो करून खायचा.

एका माघात लखमा गलबत घेऊन उत्तरेला गेला. खालच्या पाड्यातला घरटी एक तरी तरणा माणूस त्याच्याबरोबर होता. कान्हू पाटलाचे दोन्ही मुलगे होते. आठवड्याने, परतायच्या आदल्या दिवशी सांजेला गलबताचं शीड दूर क्षितिजावर दिसलं, तेव्हा पाड्यात आनंदीआनंद झाला. सकाळच्या भरतीबरोबर माणसं घरी येणार होती.

सकाळी उठून बघतात तो समुद्र नाहीच. धुकं. आमच्याकडे माघात पडतं तसं, पण त्या दिवशीचं, म्हणे, इतकं दाट होतं की पाण्याला गेलेल्या बाईला हातातली घागर दिसेना. आणि त्या धुक्यात, उत्तरेकडून, गलबताची घंटा ऐकू आली. टण्... टण्... गलबत निघालेलं होतं. भरतीची ओढ त्याला खडपाकडे आणत होती, आणि खडपाबाहेरचा तळ असा की तिथे नांगर धरत नाही. थांबायला जागा नव्हती.

खाडीचं तोंड बेटाच्या दक्षिण टोकाला, खालच्या पाड्याजवळ. कान्हूने तिथे ढोल आणवला आणि सगळ्या जोरानिशी वाजवायला लावला, म्हणजे पोरांना खाडी कुठे ते कळेल. बायका देवीचं नाव घेत होत्या. तेवढ्यात गर्दीतून पोवळी पुढे आली आणि तिने ढोलावर हात ठेवला.

"ढोल थांबवा, पाटीलबाबा."

"खुळी झालीस काय? कशाच्या आधारानं येतील पोरं?"

"तुमच्या ढोलाचा नेम धरून सरळ येतील. आणि मधे खडपाचं पोट आहे."

कान्हू जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस. त्याला पुढे सांगावं लागलं नाही. उत्तरेकडून येणाऱ्याने खडपाला वळसा घालायचा असतो. डोळ्यांना किनारा दिसत असेल तर ते पोरखेळ. पण धुक्यात एका जागी वाजणारा आवाज सरळ मरणात ओढणार. आवाज चालता हवा. बेटाच्या वरच्या टोकापासून निघून काठाकाठाने, गलबताच्या बरोबरीने खाली येणारा. गलबताने तो डाव्या कानाला धरायचा. मोठा झाला तर बाहेर सरकायचं, बारीक झाला तर आत. आणि चालणाऱ्याला खडपाची रेघ न बघता ठाऊक हवी. कुठे पाण्यापर्यंत पुढे जायचं, कुठे मागे हटायचं, ते त्याच्या पायात असायला हवं.

"तसा शंख फुंकत चालणारा बेटावर एकच होता," कान्हू म्हणाला.

"आहे," पोवळी म्हणाली. "मी घेऊन येते."

"तो येईल?"

"माझा बाप आहे तो."

लेकीला सासूच्या हातात देऊन ती निघाली. आणि कान्हूने ढोल बंद केला. तेही सोपं नव्हतं, पाहुण्यांनो. बायका त्याच्या अंगावर धावल्या, त्याची स्वतःची बायको त्याच्या पाया पडली, वाजवू दे म्हणून. तो टिपरी पाठीमागे धरून उभा राहिला. धुक्यातून घंटा येत होती आणि तिला इथून काहीच उत्तर जात नव्हतं.

पोवळी केवड्याच्या रानात शिरली. केवड्याचं पान ज्याने हातात धरलंय त्याला माहीत आहे, त्याला तिन्ही अंगांनी काटे. रान संपलं की कालवांचा खडक. ती पळाली. वरच्या पाड्यात पोचली तेव्हा लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि प्रत्येक पावलाचा ठसा लाल उमटत होता.

जैतू दाराबाहेर ओट्यावर बसला होता. त्याने मघाचा ढोल ऐकला होता, तो थांबलेलाही ऐकला होता. भिंतीवरचा शंख काढून त्याने मांडीवर घेतला होता. घेतला होता, पण उठला नव्हता.

लेकीला बघितलं आणि आधी त्याची नजर गेली तिच्या पायांवर.

"कुणाचं गलबत?"

"तुझ्या जावयाचं."

"मी शब्द दिलाय, पोरी. माणसाला नाही, दर्याला दिलाय."

पोवळीने श्वास घेतला. "शब्द वाळूचा दिलायस, बाबा. वाळू येईपर्यंत तर चल."

आमच्याकडे अजून कुणी हटून बसला तर आम्ही हेच म्हणतो, 'वाळू येईपर्यंत तर चल.' जैतू उठला.

त्याने वरच्या टोकाच्या खडकावर उभं राहून पहिली फुंकर घातली, तसा सगळा वरचा पाडा बाहेर आला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तांडेलाला सारख्या चालीने चालायला हवं, तो ठेचकाळला तर शंखाचा सूर तुटेल, एवढं सगळ्यांना उमगलं. ज्यांनी वल्ही उगारली होती तेच कोयते घेऊन पुढे धावले आणि केवडा तोडू लागले. बायकांनी घरातून गोधड्या आणल्या, जुनी शिडं आणली, फाटकी जाळी आणली, होड्यांच्या फळ्या आणल्या, आणि कालवांवर अंथरत गेल्या. मागचं उचलायचं, पुढे नेऊन टाकायचं. जैतू खाली बघतच नव्हता. तोंड समुद्राकडे, शंख ओठाला, आणि पोवळी त्याच्या कोपराला धरून चाललेली. असं सांगतात की जिथे अंथरायला काही उरलं नाही, तिथे कालवांनी आपली तोंडं मिटून घेतली आणि म्हाताऱ्याच्या पायाला एक ओरखडा आला नाही. कालवं मिटली म्हणून त्यांची धार कशी जाते, ते मला विचारू नका. मी ऐकलं तसं सांगते.

इकडे गलबतावर सुकाणूशी लखमा होता. ढोल ऐकून त्याने गलबताचं तोंड तिकडे वळवलं होतं. मग ढोल बंद पडला. आणि थोड्या वेळाने डावीकडून शंख आला, लांब, सावकाश, एका दमाचा.

नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला माणूस ओरडला, "वरच्या पाड्याचा शंख आहे! जैतूचा! आपल्याला खडपावर घालतोय म्हातारा!"

सगळे लखमाकडे बघू लागले. कान्हूचा थोरला म्हणाला, "लखमा, आवाजापासून लांब पळव गलबत."

लखमा शंख ऐकत राहिला. पुढची फुंकर आली ती पहिलीपेक्षा जरा खाली, दक्षिणेला. मग आणखी खाली.

"चालतोय तो," लखमा म्हणाला. "माझ्याशी चार वर्षं बोलला नाही. समोर आलो तर थुंकेल. पण जैतू तांडेल शंख खोटा फुंकणार नाही." आणि त्याने आवाज डाव्या कानाला धरला.

तसे ते दोघं, सासरा काठाने आणि जावई पाण्यातून, एकमेकांना न बघता बरोबरीने खाली आले. खडपाचं पोट आलं तिथे जैतू गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला, आवाज जवळ भासला, लखमाने गलबत बाहेर काढलं. पोट सरलं, जैतू मागे आला, गलबतही आत आलं. गलबतावरची माणसं सांगायची, लाट खडपावर फुटायची ती आम्हाला अगदी उशाशी ऐकू येत होती, पण तळाला काही लागलं नाही.

आणि मग वाळू आली.

तो बघा, तो ओहळ. त्याच्या अलीकडे खडक, पलीकडे खालच्या पाड्याची वाळू. तिथे जैतू थांबला. शंखही थांबला.

खाडीचं तोंड अजून पुढे होतं. ओहळाच्या पलीकडे सगळा खालचा पाडा जमला होता आणि सगळ्यांत पुढे कान्हू पाटील. त्याच्या खांद्यावर शिडाचं कापड होतं. त्याने ते घाईघाईने वाळूवर पसरलं.

"तांडेल, यावरून चला. वाळूला पाय लागणार नाही. तुमचा शब्दही राहील."

जैतूने त्या कापडाकडे पाहिलं, कान्हूकडे पाहिलं. ज्या माणसाच्या डोक्यावर त्याने वल्हं उगारलं होतं तो आज त्याच्या पायांखाली शीड अंथरत होता. जैतूच्या आवाजात राग नव्हता, म्हणतात.

"पाटील, दर्याला फसवून त्याच्याकडूनच पोरं कशी मागू?"

त्याने वाकून शिडाचं टोक धरलं आणि कापड बाजूला केलं. बाहेर घंटा वाजली, अगदी जवळ, बावरल्यासारखी. शंख हरवला होता आणि गलबत वाट चुकत होतं. वेळ उरला नव्हता.

जैतू लेकीकडे वळला. "आज जेवायला तुझ्याकडं येतो. काय आहे घरात?"

पोवळीला सगळं समजलं. बापाचा आवाज आपण शेवटचा ऐकतोय, हेही समजलं. पुरुषमाणसं आठवडाभर घरी नव्हती, ताजी मासळी कुठून असणार? तिने खोटं सांगितलं नाही. "पेज आहे, बाबा. आणि भाजलेले बोंबील."

"पुष्कळ झालं," जैतू म्हणाला.

आणि त्याने वाळूत पाय टाकला.

शंख पुन्हा घुमला. घंटेने लगेच उत्तर दिलं. कान्हू आणि त्याची माणसं लोकांना दोन्ही बाजूंना सारत वाट करत गेली, आणि म्हातारा त्या वाळूतून शंख फुंकत खाडीच्या तोंडापर्यंत गेला. शेवटची फुंकर त्याने तिथे उभं राहून घातली, लांबलचक, आणि धुक्यातून आधी डोलकाठी आली, मग शीड, मग नाळेवर उभी असलेली पोरं. गलबत खाडीत शिरलं. बायका गुडघाभर पाण्यात धावल्या.

लखमा उडी मारून आला तो थेट सासऱ्यापुढे. त्याने पायांवर डोकं ठेवलं. जैतूने त्याला उठवलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

दर्याने आपलं घेतलं होतं. हिशोबाला तो पक्का. पण पोरं सगळी काठावर होती.

पुढचं सांगताना माझी सासू नेहमी हसायची, म्हणून मीही हसते. लोकांना वाटलं, आता हा माणूस खचेल. तो पोवळीच्या घरी गेला, पाटावर बसला आणि पेज तीनदा मागून घेतली, वाटी पुढे करून. मांडीवर नात येऊन बसली. ती त्याला अजिबात घाबरली नाही. तिला तर वाटलं, आजा असाच असतो, हातांनी बोलणारा. त्याची खूण सगळ्यांत आधी तिला कळायची आणि ती मोठ्यांना सांगायची, "आजा म्हणतो, बोंबील जळलाय." जैतू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, कधी वरच्या पाड्यात, कधी लेकीकडे. आधी ज्याच्या आवाजाने माणसं लांब उभी राहायची, त्याच्या ओट्यावर आता पोरं जमायची. कान्हू पाटील रोज संध्याकाळी येऊन बसायचा आणि दोघांच्या वाटचं एकटाच बोलायचा. जैतूचं मत पटलं नाही तर जैतू त्याच्या पाठीत धपाटा घालायचा.

आणि वाट? ती त्याच महिन्यात सुरू झाली. जैतूला लेकीकडे जाताना कालवांवरून जावं लागू नये म्हणून वरच्यांनी इकडून खडक फोडायला घेतला, खालच्यांनी तिकडून. मधे भेटले तेव्हा तिथल्या तिथे जेवणं झाली. नंतर ठरलं की वाट अशी करायची की धुक्यात शंख घेऊन कुणालाही चालता यावं, म्हाताऱ्याला, गरोदर बाईला, नजर कमी झालेल्याला, पायाखाली न बघता. म्हणून ती अशी आहे. दर वर्षी पावसाळा सरला की दोन्ही पाडे शिंपल्यांचा चुरा आणून टाकतात. वरच्या पाड्याने खालच्या अर्ध्यात टाकायचा आणि खालच्याने वरच्या. आपली अर्धी कुणी करायची नाही.

आता गलबतं गेली. यंत्राच्या बोटींना पडद्यावर खडप दिसतं, किनारा दिसतो, सगळं दिसतं. तरी आजही माघात धुकं पडलं की वरच्या टोकाहून शंख निघतो आणि या वाटेने खाली येतो. गेली काही वर्षं तो माझा जावई फुंकतो. बोटीवरचे पोरगे सांगतात, मावशी, यंत्र चालू असतंच, पण शंख आला की बरं वाटतं.

आणि आजही खालच्या पाड्यात एकही खानावळ नाही. तुमच्यातल्या एकांनी मघाशी विचारलं ना, जेवणाची सोय काय? हीच. वरून चालत आलेल्याने ओहळ ओलांडायचा, जे पहिलं दार उघडं दिसेल तिथे उभं राहायचं आणि म्हणायचं, "आज जेवायला तुमच्याकडं." घरची बाई घरात असेल तेच सांगते. कधी पापलेट असतं, कधी नुसती पेज. वाढवून सांगत नाहीत आणि लपवतही नाहीत. पाहुण्याने त्यावर काय म्हणायचं, ते तुम्हाला आता माहीत आहे.

चला, तो बघा ओहळ. पहिलं दार आज सुनंदाचं उघडं दिसतंय. चुलीवर काय आहे, मला ठाऊक नाही. तुम्हीच विचारा.